लाल पट्ट्यातला काटा

मालेगावहून कारंज्यापर्यंत अमरसिंग मास्तर एसटीत उभ्याने आला. बसायला जागा होती, पण बसवेना. काखेतल्या पिशवीत टेपचं रीळ होतं आणि डोक्यात नुसता जाळ. महावीरच्या लाउडस्पीकरच्या दुकानात पाय टाकताच तो ओरडला, "काय केलं तू माह्या याडीचं?"

याडी म्हणजे आई. त्याची याडी सोजरबाई पौषात गेली. बंजाऱ्यांच्या तांड्यात नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. शब्द आणि हुंदका एकाच श्वासात. बाहेरच्याला वाटतं, पोरगी नुसती रडते आहे. हा ढावलो मुलीला आईने शिकवायचा असतो. अमरसिंगच्या धाकट्या बहिणीचं, रुपाचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि शिकवणारी राहिली नव्हती. राहिलं होतं ते हे रीळ. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं टेपयंत्र घरी आणून अमरसिंगने याडीचा आख्खा ढावलो भरून घेतला होता.

त्यात कुत्रं भुंकलं होतं, कोंबडी ओरडली होती, याडी दोनदा खोकली होती. चुलतभाऊ भाऊसिंगने नवं कॅसेटचं यंत्र घेतलं होतं. तो म्हणाला, "शाळेचं यंत्र अन् माहं यंत्र तोंडाले तोंड लावून ठेवू. जे हाय ते उतरंल. रुपाले दिवसभर आयकता येईन." पण मास्तरांना ते कसं पटावं! मास्तर पडले शिकलेले. त्यांना पद्धतशीर काम हवं होतं. कारंज्याच्या महावीरकडे मोठं यंत्र होतं, आवाज मोजणारा काटा होता, टेपची पट्टी कापून पुन्हा जोडायची सोय होती. भाऊसिंगच्या कॅसेटला नाक मुरडून अमरसिंगने रीळ महावीरच्या हवाली केलं.

काल ते परत आलं. लावलं, तर कुत्रं गेलेलं, कोंबडी गेलेली, खोकला गेलेला आणि त्यांच्याबरोबर एकूण एक हुंदका गेलेला. याडी वर्गात पाढे म्हणावेत तशी सरळ गात होती. रुपाने शेवटपर्यंत ऐकलं आणि उठली. "हे याडी नोहे, भिया," एवढंच बोलली आणि त्यानंतर भावाशी बोललीच नाही.

"मास्तर, काहून एवढे तापून राह्यले?" महावीर गल्ल्यावरून उठला. "चार दिवस दुकान सोडून तुमचंच काम केलं ना मी. हे पाहा." त्याने यंत्रावरचा काटा दाखवला. "आवाज बेकाबू झाला का हा लाल पट्ट्यात जाते. जिथं गेला, तिथं मी ब्लेडनं कापलं. इमानदारीनं सांगतो, एक जागा सोडली नाही."

"अरे, ती रडत होती! रडणं म्हंजेच गाणं हाय ते!"

"मले काय मालूम? मले तुमची भाषा समजते का?" आता महावीरचाही पारा चढला. त्याने खणातून एक चिठ्ठी काढून काउंटरवर आपटली. "तुमचंच अक्षर हाय ना? वाचा."

अक्षर वळणदार होतं. फळ्यावर काढावं तसं. 'नको असलेले सर्व आवाज काढून टाकावेत.'

"कोन्ते नको, ते कुठं लिवलं तुमी? मी काट्याले इचारलं."

अमरसिंगला महावीरची गचांडी धरायची होती, ते यंत्र रस्त्यावर भिरकावून द्यायचं होतं. पण चिठ्ठी त्याची होती, हे दुकान त्याने निवडलं होतं आणि तो मेला काटाही त्यालाच हवा होता. भाऊसिंगच्या खुळचट कॅसेटवर याडी कुत्र्या-कोंबडीसकट जशीच्या तशी उतरली असती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटलं.

"कापलेलं कुठं हाय?" त्याने विचारलं.

नशिबाने महावीर काहीच फेकत नसे. त्याने बिस्किटाचा डबा उपडा केला. चार-चार बोटं लांबीचे तपकिरी तुकडे काउंटरवर पडले. साठाच्या वर होते.

"कोन्ता कुठला?"

"ते आता देव सांगंल," महावीर म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "माही आई असती त मीबी असाच आलो असतो. बसा."

दोघं दुपारभर बसले. महावीर चिकटपट्टीने तुकड्याला तुकडा जोडत होता. एखादा उलटा लागला की काढून पुन्हा सुलटा लावत होता. जिथले तिथे बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून हाताला येईल तसे जोडून त्यांचं वेगळं रीळ केलं.

दुसऱ्या दिवशी अमरसिंगने शाळेचं यंत्र घरी आणलं आणि रुपासमोर ते रीळ लावलं. हुंदका. कुत्रं. हुंदका, हुंदका. खोकला. शब्द एकही नाही. रुपा यंत्राला कान लावून बसली. संपलं की "पुन्हा लाव" म्हणायची. पाचव्या वेळी तिने डोळे पुसले.

"शब्द त मले पाठ हायेत, भिया. तांड्यातल्या समद्या बायाईले पाठ हायेत. याडी मधी कशी तुटे, तेवढंच पायजे होतं."

तिने उठून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ढावलो सुरू केला. दोन शब्द आणि याडीचा हुंदका. आणखी चार शब्द आणि याडीचाच, तोच, घशात अडकून मग सुटणारा. अमरसिंग ताठ उभा होता. डोळ्यांना धार लागली होती आणि दात आवळलेले होते. राग अजून गेला नव्हता. पण तो काढायला आता कोणी उरलं नव्हतं.

रुपा मध्येच थांबली. मान मागे घेऊन त्याच्याकडे बघत म्हणाली, "इथंच तुटे ना याडी?"

त्याला माहीत नव्हतं. आता ते कोणालाच माहीत नव्हतं.

"हो," अमरसिंग म्हणाला. "इथंच."