दार कसं धरावं

चौथीत तक्रारअर्ज म्हणजे गल्लीतल्या बंद दिव्यांचा अर्ज, असं त्या शाळेत वर्षानुवर्षं ठरूनच गेलेलं होतं. नमुना फळ्यावर, तिथून वहीत, खाली 'आपला विश्वासू'. ज्यांच्या गल्लीत दिवे लख्ख जळत, ती पोरंही मान खाली घालून अंधाराचं रडगाणं गात. अर्ज कुणाला? कुणालाच नाही. लाल शेरा पडला की विषय मिटला.

यंदा चौथीला आलेल्या बाईंना हे मुळीच पटेना. "अरे, लिहायचं ते कुणाला तरी, कशासाठी तरी," त्या म्हणाल्या. "आमंत्रण वाचून माणूस आला पाहिजे. सूचना वाचून काम जमलं पाहिजे. आणि तक्रार वाचून?"

"कडी लागली पाहिजे!" मागून भिंगरी ओरडली. ही पोर एका जागी ठरत नाही म्हणून वर्गानेच तिला हे नाव ठेवलेलं. मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी केव्हाची मोडली होती. शिपाईमामा रोज "उद्या बसवतो" म्हणत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तेवढंही म्हणत नसत.

मग काय, सगळ्या वर्गाने मोठ्या बाईंना खरेखुरे अर्ज लिहिले. कुणाची अक्षरं नाचत होती, कुणी 'विनंती'च्या जागी सरळ 'हुकूम' लिहिलं होतं, पण एकाचा अर्ज दुसऱ्यासारखा नव्हता. बाईंनी ते कौतुकाने व्हरांड्याच्या भिंतीवर लावले. मधली सुट्टी व्हायच्या आत त्यांना बोलावणं आलं.

"शनिवारी पालक येणार आणि तुम्ही भिंतीवर शाळेची लक्तरं टांगताय?" मोठ्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"मॅडम, तक्रारअर्ज अभ्यासक्रमातच आहे."

"तक्रारअर्ज आहे, तक्रारी नाहीत! काढा ते सगळे. नाहीतर चौथीला मी दुसरं कुणीतरी बघते. पोरांना शाळेच्या सोयींबद्दल आभारपत्रं लिहायला सांगा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या बाईंच्या स्वतःच्या खोलीला जाडजूड कडी होती, वर कुलूप होतं, शिवाय पडदा! आणि पोरींनी आभार मानायचे! पण वर्ग हातचा गेला तर पोरं पुन्हा गल्लीतल्या दिव्यांवर येतील, या धास्तीने त्यांनी दात आवळून अर्ज उतरवले.

"आभार कशाचे मानायचे, बाई?" भिंगरीने विचारलं.

"वाटत असतील तर माना," बाई म्हणाल्या. "नाहीतर सूचना लिहा. तुम्हाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, असं एखादं काम कसं करायचं ते."

पोरांनी भराभर लिहिलं. बुटाची नाडी कशी बांधावी, रडका धाकटा भाऊ कसा गप्प करावा. मोठ्या बाईंनी लांबूनच भिंतीवर लावलेल्या कागदांवर नजर टाकली. "तक्रार नाही ना कुठे? मग ठीक," म्हणून त्या निघून गेल्या.

शनिवारी भिंगरीची आई लेकीच्या कागदासमोर उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली.

"पहिलीच्या मुलींसाठी. दार कसं धरावं. मैत्रिणीला बरोबर न्या. तिने दाराला पाठ लावून उभं राहावं. मुलगे हसले तरी दार सोडू नये. मैत्रीण शाळेत आली नसेल तर त्या दिवशी पाणी पिऊ नका."

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"म्हणून घरी आली की बूटसुद्धा न काढता मोरीकडे पळते होय ही!" ती म्हणाली. "आणि मी तिच्यावर खेकसते, घर घाण करतेस म्हणून."

मोठ्या बाई लगबगीने पुढे आल्या. "अहो ताई, मुलांची कल्पनाशक्ती हो! काहीही लिहितात."

हे ऐकून बाईंना राहवलं नाही. वर्ग जायचा तर जावो. "कल्पना नाही, मॅडम. तिने लिहिलंय तसंच करतात सगळ्या," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"कुठंय ते दार?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लेकीचा हात धरून निघाली. मागोमाग बाकीचे आईबाप निघाले. दारापाशी पोचल्यावर ती मोठ्या बाईंकडे वळली.

"मला आत जायचंय. धरा दार."

मोठ्या बाईंनी शिपाईमामांना हाक मारली.

"ते नकोत. तुम्ही."

आई आत गेली. पालकांच्या घोळक्यासमोर मोठ्या बाईंनी दाराला पाठ लावली. चौथीची पोरं फिदीफिदी हसली, आणि त्यांच्या बाईंनी त्यांना गप्प केलं नाही.