आईच्या गाण्यावरचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर. झाकण मोडलेलं, बटणांचा रंग उडालेला. मला पाहून लोक म्हणतात, "आहा, काय दिवस होते ते!" हे ऐकलं की मला झोंबतं. त्या दिवसांत मी काय केलं, ते माझं मला ठाऊक.

कारखान्यात माझी जुळणी झाली, महिनाभर दुकानाच्या काचेमागे बसलो आणि मग एका आईने मला घरी नेलं. ती एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा थोरला लांबलेल्या तापातून नुकता उठला होता. त्याला विरंगुळा हवा म्हणून मी.

थोरल्याला टीव्हीवरच्या गाण्यांचं भारी वेड. मालिकेचं शीर्षकगीत लागायच्या आधी तो मला स्टुलावर, टीव्हीच्या अगदी तोंडाशी ठेवायचा आणि लाल बटण दाबायचा. मग घरात टाचणी पडली तरी गुन्हा! धाकटी बहीण उशीत तोंड खुपसून खोकायची. एकदा आई चुकून बोलून गेली, "अरे, दूध प्यायलास का?" झालं! थोरल्याने घर डोक्यावर घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याच जागी ते गाणं पुन्हा भरलं. तेव्हापासून आई खुणेनेच बोलू लागली. दिवसभर परक्यांशी बोलून आलेली बाई स्वतःच्या घरात मुकी! शेजारी मात्र माझं कौतुक करायचे. म्हणायचे, "काय स्वच्छ आवाज आहे हो!"

एका सुट्टीच्या दुपारी थोरला बाहेर गेला होता. धाकटीने विचारलं, "आई, तू लहान असताना कुठलं गाणं लागायचं गं टीव्हीवर?"

"आमच्या वेळी कुठला टीव्ही? रेडिओवर मुलांचा कार्यक्रम असायचा. त्याच्या सुरुवातीला एक गाणं वाजायचं."

"म्हण ना!"

"चल, काहीतरीच तुझं."

पण ती गायली. आधी लाजत, मग मोकळ्या गळ्याने. मध्येच एक ओळ विसरली आणि खळखळून हसली. धाकटीने हळूच लाल बटण दाबलं होतं, त्यामुळे ते हसूही मी टिपलं. धाकटीने कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची चिमुकली खुंटी मोडून टाकली. ती मोडली की लाल बटण दबतच नाही, कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

वर्षभराने एक नवी मालिका सुरू झाली. थोरल्याकडे कोरी कॅसेट नव्हती. त्याने हीच लावली, आईच्या दोन ओळी ऐकल्या, खुंटीच्या भोकावर चिकटपट्टी डकवली आणि लाल बटण दाबलं.

पुसण्याचं काम माझंच. एरवी मी कितीतरी कॅसेटी चघळल्या होत्या, ऐन वेळी अडलो होतो. त्या दिवशी मात्र नेमका शहाण्यासारखा चाललो.

धाकटी रडरड रडली. आई म्हणाली, "असू दे गं. माझा आवाज काय, रोजचाच आहे."

पुढे मी माळ्यावर गेलो. वर्षं गेली. आईही गेली. तिला जाऊन दोन महिने झाले तेव्हा पिकल्या केसांच्या थोरल्याने माझ्यात ती कॅसेट घालून मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"बघा ना," तो म्हणाला, "या गाण्याखाली कुठेतरी माझ्या आईचा आवाज असेल."

दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा चढवून मला चालू केलं. मालिकेचं गाणं खणखणीत वाजलं. "साहेब, पुसलेलं परत येत नसतं," तो म्हणाला. "आणि हे गाणं तर मोबाइलवर आहे की!" त्याने लगेच लावूनही दाखवलं. माझ्यापेक्षा स्वच्छ!

घरी धाकटी आली होती. थोरल्याने मला तिच्यापुढे ठेवलं.

"आईचं ते गाणं तुला येतं का गं?"

"अख्खं येतं."

"मग म्हण ना. मी भरून ठेवतो."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नाही दादा. हे मी तुला देणार नाही." तिने पिशवी उचलली आणि ती गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची धूळ झटका, पट्टे बदला, उपकार होतील तुमचे. पण आमच्यासाठी घरातल्या माणसांना गप्प बसवू नका. आम्हाला माया नसते. बटण दाबलं की आम्ही कुणाचीही आई पुसून टाकतो.