कोठीतला मका

त्याने बादली गाईच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच्या मुलीने ती मागच्या मागे ओढून घेतली. गाईने आधी बादलीकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि नाराजीने कान हलवले.

"अगं, तिच्या तोंडचा घास कशाला काढतेस? ड्युटी सोडून गाईशी भांडायला आलीस का?"

"ह्यात कोठीतला मका आहे ना?"

"मग काय, बदाम घालू?"

मुलगी हसली नाही. ती दूध डेअरीत तपासणीला होती. आलेल्या प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध काढायचं, त्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि दोन्ही रेघा उमटतात का ते पाहायचं, हे तिचं रोजचं काम. आज एका कॅनच्या दुधात दुसरी रेघ उमटली नव्हती. तिने नवी पट्टी घेतली, तरी तेच. कॅनला कडेला पोचा होता. लहानपणी तिनेच घरचा तो कॅन पायरीवरून पाडला होता. अशा वेळी डेअरी नोटीस देऊन शिपाई पाठवते. आज ती स्वतःच आली होती.

"दुधात विष निघालंय, बाबा. बुरशीचं. मक्यातून गाईच्या पोटात जातं आणि तिथून दुधात उतरतं. माझं पिल्लू रोज हेच दूध पितं."

नातीचा विषय निघताच त्याचा हात गाईच्या पाठीवरून खाली आला.

"बुरशी मी पाहिली होती," तो म्हणाला. "हिरवट, वरवरची. चोळून चोळून धुतली. मग मका गच्चीवर वाळवला, कबुतरं हाकलत दिवसभर बसलो. बघ तरी, दाणा कसा लख्ख झालाय."

"बुरशी धुतली जाते. तिने सोडलेलं विष दाण्यात राहतं. उन्हाने जात नाही, शिजवून जात नाही. वास नाही, चव नाही."

"मग तुमची पट्टी चुकली असेल."

"दोन्ही वेळा?"

तो कोठीपाशी गेला आणि झाकण उचललं. मका निम्म्याच्या खाली गेला होता. बायकोने स्वतः वाळवून, सोलून भरलेला हा शेवटचा मका. ती गेल्यापासून तो रोज एकच मग काढायचा. वर भुसा, कडबा, काय हवं ते घालायचा, पण मका एकच मग. लवकर संपू नये म्हणून.

"तुझ्या आईने भरलाय हा," तो म्हणाला. "तिच्या हातून ओला दाणा कधी कोठीत गेला नाही."

"मी आईला कुठे काय म्हटलं?"

"मका वाईट म्हणालीस की तेच झालं."

आई असताना तिचं आणि बाबांचं सकाळच्या चहापासून दिवा मालवेपर्यंत वाजायचं. मिठावरून, रेडिओवरून, उघड्या राहिलेल्या फाटकावरून. ती गेल्यावर मात्र त्याने तिच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता, दुसऱ्या कोणाला काढू दिला नव्हता. तिचा विषय निघाला की तो सदऱ्याची कॉलर नीट करायचा, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा.

"कोठी भरताना आईने दाणा चावून पाहिला होता?" मुलीने विचारलं.

"हे काय विचारणं झालं? चावल्याशिवाय भरायचीच नाही ती. कट्ट आवाज आला की वाळला. दाताला मऊ लागला की सगळा परत उन्हात..."

तो थांबला. झाकण हातातच राहिलं.

"काय झालं?"

"त्या खेपेला चावला नाही तिने. तळहातावर चोळून कानाशी धरत होती. मी म्हटलं, काय म्हातारे, दात पडले की काय? तर म्हणाली, तुम्ही तुमचं काम करा."

जबड्यातली गाठ डॉक्टरांनी दाखवली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. दोघांनाही ते आठवलं. गाईने रिकाम्या जागी जीभ फिरवली.

"म्हणजे तेव्हापासून दुखत होतं तिला," मुलगी हळूच म्हणाली.

त्याने कोठीतून मूठभर दाणे उचलले, थोडा वेळ धरले आणि परत सोडले. हात पँटला पुसला. मग कोपऱ्यातलं फावडं घेतलं.

गोठ्यामागे त्याने खड्डा खणला. मुलीने सकाळचं उरलेलं दूध तिथेच ओतलं. आणखी चार-पाच दिवस दूध असंच ओतायचं, मग ते चांगलं होईल, असं तिने सांगितलं. त्याने मान हलवली. मग दोघं मका पोत्यात भरू लागली, खड्ड्यात ओतू लागली, वर चुना टाकू लागली.

"हट्टी बाई," तो फावड्याकडे बघत म्हणाला.

मुलीने मान वर केली.

"साधा काटा रुतला तर गल्ली गोळा करायची. आणि हे गिळून बसली!"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

"मी? जन्मभर दुसरं केलं काय!"

"आई म्हणाली असती, ऐकलंत ते रेडिओचं."

"तू मध्ये पडू नकोस. तिचीच मुलगी तू!" त्याचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला. "दात दुखतोय म्हणायला काय जात होतं? नुसतं तोंड उघडायचं! एरवी बंद व्हायचं नाही ते! आणि वर मलाच म्हणते, तुमचं काम करा!"

मुलगी हसत होती आणि बाहीने नाक पुसत होती.

"हसतेस काय? ओला मका भरून ठेवला, वर झाकण लावलं, आणि चालली! विचारायचं कोणाला आता?"

भिंतीपलीकडून शेजारच्या शिंप्याने डोकं वर काढलं. गळ्यात टेप होती, ओठांत टाचणी. टाचणी काढून त्याने आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग ह्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे.

"एवढं कोणाशी भांडताय?"

त्याने चुन्याचं फावडं खड्ड्यात उपडं केलं आणि घाम पुसला.

"बायकोशी," तो म्हणाला.



"मग चालू द्या," शिंपी म्हणाला, आणि आत गेला.