वेंडेलच्या नंबरावर भरलेले पैसे

खडी वाहायचे तीन ट्रक विकले आणि लिंडक्विस्ट नवराबायकोचा बावीस वर्षांचा धंदा आवरला. वेंडेल ट्रक चालवायचा, आर्डिस कामं मिळवायची आणि वह्या सांभाळायची. कागदोपत्री दोघं निम्मेनिम्मे भागीदार. विक्रीच्या पैशांतून आधी बँकेचं कर्ज फिटलं, मग उरलेल्यातून वेंडेलने बोट घेतली. टॅक्सचं काय, असं आर्डिसने विचारलं की तो म्हणायचा, "अगं, एप्रिल अजून लांब आहे."

एप्रिल आला. ट्रक विकत घेणाऱ्याकडून यायचे विक्रीचे कागद मात्र आले नाहीत. गावातले निम्मे लोक ज्यांच्याकडून टॅक्सचे कागद करून घेत त्या मिसेस कोसिर म्हणाल्या, "मुदतवाढीचा अर्ज टाकू. दोघांचा मिळून एकच."

"म्हणजे ऑक्टोबरपर्यंत सुटलो!" वेंडेलने मांडीवर थाप मारली.

"कागद भरायला ऑक्टोबर," मिसेस कोसिर चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पैशाला मुदतवाढ नसते, मिस्टर लिंडक्विस्ट. पैशाची तारीख हीच. माझ्या अंदाजाने चौदा हजार डॉलर होतील. आज जमतील तेवढे भरा, बाकीचे मधेमधे भरत राहा. तेवढंच व्याज आणि दंड कमी."

वेंडेलने तोंड वाकडं करून तीन हजारांचा चेक फाडला. "उरलेलं ऑक्टोबरात बघू. सरकार काय पळून जातंय?"

"सरकार नाही पळत," आर्डिस म्हणाली. "व्याज पळतं."

पुढचे चेक कसे पाठवायचे ते तिने त्याच दिवशी विचारून घेतलं. चेकवर सरकारदरबारचा नऊ आकडी नंबर घालायचा. कोणाचा? अर्जावर ज्याचं नाव पहिलं त्याचा. पहिलं नाव वेंडेलचं होतं. लग्न झाल्यापासून प्रत्येक कागदावर तेच पहिलं होतं, त्यामुळे तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

जूनमध्ये शाळा सुटली आणि शाळेच्या स्वयंपाकघरातलं तिचं कामही सुट्टीवर गेलं. इतर वर्षी ती उन्हाळ्यात घर रंगवायची, बीट आणि काकड्या बरण्यांत भरायची. या वर्षी तिने वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात सकाळची पाळी धरली आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचीही. वेंडेलची आई हुल्डा दोन वर्षं तिथेच राहत होती, त्यामुळे तिचा ट्रे आर्डिस स्वतः नेऊन द्यायची. दर दुसऱ्या शुक्रवारी पगार झाला की ती आपल्या खात्यातून चेक लिहायची. कधी हजार, कधी बाराशे. एकदा गुडघ्याचं औषध आणावं लागलं तेव्हा सहाशे.

वेंडेल तळ्यावर मासे धरायला जायचा. परत आला की तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून म्हणायचा, "तुला राबायची हौसच आहे."

"बोटीत बसून टॅक्स फिटत असता तर मीही बसले असते."

"बस ना मग. कोणी अडवलंय?"

जुलै संपता संपता तो लोरेटाकडे राहायला गेला. लोरेटाचं तळ्यापलीकडे गळ आणि आमिषं विकायचं दुकान होतं. गावाला हे वसंतापासून ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त आर्डिसला. जाताना त्याने बोट नेली, कॉफीचं यंत्र नेलं आणि दारात उभं राहून सांगितलं, "भांडण नकोय मला. सगळं निम्मंनिम्मं करू, शहाण्या माणसांसारखं."

तो गेल्यावरही तिने दोन चेक पाठवले. अर्ज दोघांचा होता, देणं दोघांचं होतं, आणि देणं ठेवून तिला झोप लागत नसे. ऑगस्टअखेर तिच्या एकटीच्या कष्टाचे सहा हजार चारशे जमा झाले होते.

शाळा सुरू झाली तरी तिने वृद्धाश्रमातलं काम सोडलं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती हुल्डाच्या खोलीत हॉटडिशचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याचा, ट्रे घेऊन गेली, तर म्हातारी गालातल्या गालात हसत होती.

"वेंडेलचा फोन आला होता. सरकारने त्याला पैसे परत पाठवले!"

"कसले पैसे, मा?"

"टॅक्सचे. चोवीसशे डॉलर! जास्त भरले होते म्हणे त्याने. मी नेहमी सांगते, सरळ माणसाचं कधी बुडत नाही. बोटीला नवीन इंजिन घेतोय. अगं, बटाटे करपलेत का आज?"

आर्डिसने ट्रे ठेवला, म्हातारीच्या गळ्याशी रुमाल बांधला आणि सुट्टी न मागता तशीच ॲप्रनवर मिसेस कोसिरांकडे गेली.

मिसेस कोसिरांनी बराच वेळ फोनवर चौकशी केली. फोन ठेवला तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "त्याने दुसऱ्या कोणाकडून तरी आपला रिटर्न वेगळा भरलाय. त्याच्या हिश्शाचा टॅक्स सात हजार. त्याच्या नंबरावर जमा होते नऊ हजार चारशे. ते सगळे त्याने आपले म्हणून दाखवले."

"पण चेक माझे आहेत. माझ्या खात्यातले. सही माझी."

"हो. नंबर त्याचा."

"तुम्हीच सांगितलंत तो घालायला."

मिसेस कोसिरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "एप्रिलमध्ये तुम्ही दोघं माझ्यासमोर शेजारी शेजारी बसला होतात, आर्डिस. मला तरी काय माहीत?"

"मला तरी कुठे माहीत होतं," आर्डिस म्हणाली. "आता माझ्यावर किती?"

"तुमच्या हिश्शाचे सात हजार. वर एप्रिलपासूनचं व्याज आणि दंड. एक वाट आहे. दोघांचा एकत्र रिटर्न अजूनही भरता येईल, पण त्याची सही लागेल. आणि ते चोवीसशे परत द्यावे लागतील."

तिने तिथूनच वेंडेलला फोन लावला. मागे दुकानाची घंटा वाजत होती.

"आर्डिस, मी काही चोरी केली नाही. माझ्या नावावर पैसे दिसले, मी घेतले."

"ते कोणी भरले ते तुला माहीत होतं."

"आपणच भरले ना? मीही तीन हजार दिले होते."

"तेही धंद्याच्या खात्यातले. निम्मे माझे. वेंडेल, एक सही कर. मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही."

"इंजिन घेतलंय गं. आता कुठून आणू?"

"सगळं निम्मंनिम्मं म्हणाला होतास."

"हे बघ, भांडण नकोय मला," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

घटस्फोटाचं काम बघणाऱ्या वकिलाला तिने चेकच्या नकला दाखवल्या. कोर्टात मागता येईल, तो म्हणाला, मिळतीलही कदाचित. मग त्याने आपली फी सांगितली. आर्डिसने नकला उचलून पुन्हा पिशवीत घातल्या.

पंधरा ऑक्टोबरला तिने आपल्या एकटीच्या रिटर्नवर सही केली. महिन्याला दीडशेचा हप्ता मागून घेतला. मिसेस कोसिरांनी आपल्या कामाचे पैसे नको म्हटलं, पण तिने टेबलावर ठेवलेच.

दुसऱ्या दिवशी हुल्डा सूप भुरकत म्हणाली, "वेंडेल सांगत होता, तू चिडली आहेस म्हणे त्या पैशांवरून."

"ते पैसे माझे होते, मा. इथे उभं राहून मिळवलेले. तुझं हे सूप करून मिळवलेले."

हुल्डाने चमचा खाली ठेवला. क्षणभर वाटलं, म्हातारीला कळलं. "तेव्हा तू त्याची बायको होतीस ना?" ती म्हणाली. "नवराबायकोत कसलं आलंय माझं-तुझं? मी तर उभ्या जन्मात स्वतःचा चेक लिहिला नाही. आणि माझ्या नवऱ्याने कधी घर सोडलं नाही."

आर्डिसने ट्रे उचलला. खाली जाऊन तिने मॅनेजरबाईंना विचारलं, भांडी धुण्याच्या खोलीत जागा आहे का. होती. तिथे कोणी टिकत नसे.

पुढे हुल्डाचा ट्रे दुसरी एक मुलगी नेऊ लागली. हुल्डाला पाव कडा काढून लागतो हे तिला माहीत नव्हतं, आणि आर्डिसने ते सांगितलं नाही. वेंडेल नाताळात येतो म्हणाला होता, पण तळं गोठलं आणि बर्फावर मासेमारी सुरू झाली. हुल्डाने दोनदा निरोप पाठवून विचारलं, आर्डिस कुठे गेली. आर्डिस खालीच होती, वाफेत, कोपरापर्यंत हातमोजे घालून. त्या कामाला तासाला चाळीस सेंट कमी मिळत होते.