गच्चीवरची चाळण

मासळीवालीच्या पाटीवर लोंबणाऱ्या दिव्यावर पुतळाबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्या पिवळ्या उजेडात कालचा बोंबीलसुद्धा आत्ताच खाडीतून उडी मारून आल्यासारखा दिसतो. म्हणून त्या पापलेट उचलायच्या, बाजूला उन्हात न्यायच्या, कल्ला उघडून आत ताजा लाल आहे का बघायच्या आणि मगच भाव विचारायच्या. मासळीवाली ओरडायची, "पुतलाबाय, मासली काय नवरी हाय, मांडवातून बाहेर न्यायला?" पण द्यायची. तळवलीत पुतळाबाईंना नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत तीच. खालच्या खोल्यांना भाडेकरू ठेवताना त्या पगार विचारत नसत. माणूस चपला कशा काढतो ते बघत. पण सुनेला, उन्नतीला, त्यांनी अजून पुरतं उन्हात नेलेलं नव्हतं. मुलगी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीचे हिशेब सांभाळायची. लग्नात टेम्पोतून कपाट आलं, फ्रिज आला आणि कंबरेइतक्या उंचीचं एक पांढरं नळकांडंही आलं. बायकांनी ते गिझर समजून न्हाणीघराशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी नवी नवरी ते मिठीत घेऊन जिना चढताना दिसली, तेव्हा घराला कळलं की ही दुर्बीण आहे आणि आता ती गच्चीवर राहणार आहे.

"सोनं कमी आनलंस ते समजलं," पुतळाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पन ह्याचा उपयोग काय?"

"बघायला, आई."

"काय बघायला?"

"जे आहे ते."

उत्तर उद्धट नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. पुतळाबाईंनी ते मनात बाजूला काढून ठेवलं.

आता गाठ पडली होती ती त्याच गच्चीवरून. त्यांचा मुलगा रूपेश मोबाईलच्या टॉवरचा प्रस्ताव घेऊन आला होता. त्याच्याबरोबर बाबासो नावाचा कोल्हापूरकडचा एजंट. गोड बोलायचा, चहा दोनदा प्यायचा.

"मावशी, सही तेवढी करून टाका की. दर महिन्याला भाडं घरात चालत येतंय," बाबासो म्हणाला.

"आई, वर आहे काय?" रूपेश म्हणाला. "वाळत घातलेलं सुकट आणि हिची दुर्बीण. तू टेन्शन नको घेऊ, मी सगळं वाचलंय."

घर पुतळाबाईंच्या नावावर होतं, म्हणून सही त्यांची. त्यांनी कागद उशाखाली ठेवला. रात्री जेवताना उन्नती ताटात बघत म्हणाली, "आई, टॉवर आला की गच्चीला कुलूप लागेल. मग दुर्बीण माळ्यावरच जाईल. माझं एवढंच म्हणणं आहे, सही करायच्या आधी मृग नक्षत्रातला तेजोमेघ, ताऱ्यांमधला तो उजळ ढग, एकदा डोळ्यांनी बघा. नाही पटला तर पेन मीच आणून देईन."

पुतळाबाईंना हे बोलणं आवडलं. रडणं नाही, रुसणं नाही. सरळ माल समोर ठेवते म्हणते.

पहिला दिवस मात्र फसला. माघातलं आभाळ स्वच्छ होतं, मृगाचं तिकांडं डोक्यावर आलं होतं. पुतळाबाईंनी नळकांड्याला डोळा लावला. तिकांड्याच्या खाली तीन-चार बारीक तारे आणि त्यांच्याभोवती किंचित धुरकट.

रूपेशने बघितलं. "हे? काचेवर कोणीतरी 'हा' केलंय."

"त्याला पक्ष्यासारखे पंख आहेत," उन्नती म्हणाली. "रस्त्यावरचे दिवे ते पुसून टाकतात. त्याला एक फिल्टर लागतो."

फिल्टर म्हटल्यावर रूपेशने ते मनावर घेतलं. टॉवर हवा असला तरी बायकोची हौस मोडली असं त्याला म्हणवून घ्यायचं नव्हतं. आठवडाभरात खोकं आलं. त्याने ते हलव्याच्या डब्यासारखं उघडलं. आत लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या काचा.

"तू सांगत होतीस त्या एका काचेला पाच हजार मागतात लोक. मी अख्खं डझन आणलं, त्याच्या निम्म्यात! वर खोकं फुकट."

संध्याकाळी सगळ्या काचा एकामागून एक लावून झाल्या. लाल काचेतून आभाळ कुंकवाच्या पाण्यासारखं दिसलं, हिरव्यातून विहिरीतल्या शेवाळासारखं. पंख कुठेच नव्हते. रूपेश मात्र हिरव्या काचेवर अडून बसला. "दिसतोय की! मला तर पंखसुद्धा दिसले. आई, नीट बघ."

पुतळाबाईंनी सुनेकडे बघितलं. नुसती मान हलवली असती तरी गच्ची तिची झाली असती. टॉवर मागणाऱ्या नवऱ्यानेच साक्ष दिली होती.

"नाही दिसत," उन्नती म्हणाली. "ह्या काचा चंद्र नाहीतर गुरू बघायला असतात. तेजोमेघाला ह्यांचा उपयोग नाही."

पुतळाबाई जिना उतरताना मनाशी हसत होत्या. ज्याला टॉवर पाहिजे तो म्हणतो पंख दिसले, कारण काचा त्याने आणल्या. जिला गच्ची पाहिजे ती म्हणते नाही दिसले, कारण ते दिसत नाहीत. पोराचा स्वभाव त्यांना ठाऊक होता, बापावर गेलेला. पण ही पोर स्वतःच्या तोट्याचं खरं बोलली, आणि बोलताना आवाजही चढवला नाही. कल्ला लाल निघाला होता. उशाखालचा कागद त्यांनी पेटीत टाकला आणि बाबासोला महाशिवरात्रीनंतर यायला सांगितलं.

त्यानंतर उन्नतीने जी खरेदी मांडली, ती बघायला पुतळाबाई मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसू लागल्या. सून फोनवर लोकांना विचारायची, पण 'सगळ्यात चांगला कोणता' असं तिने एकदाही विचारलं नाही. तिचे प्रश्न वेगळेच. दुर्बिणीचं तोंड पाच इंचाचंच आहे, मग कुठला फिल्टर चालेल? आमच्या रस्त्यावर आता पांढरे दिवे आहेत, मग कुठला? एकाने तिला स्वस्तातला एक सुचवला. तिने गोड बोलून नाकारला. फोन ठेवल्यावर सासूला म्हणाली, "तो जुन्या पिवळ्या दिव्यांच्या वेळचा आहे, आई. पिवळा उजेड एकाच रंगाचा, तेवढा अडवला की झालं. पांढऱ्यात सगळेच रंग असतात. आता उलटं करायला हवं. तेजोमेघाचा जो हिरवट-निळा उजेड असतो तेवढाच आत घ्यायचा, बाकी सगळा बाहेर."

"म्हंजे चालन."

"चाळणच. एक मधल्या जाळीची आहे, तिला यूएचसी म्हणतात. दुसरी अगदी बारीक, ओ-थ्री. बारीक महाग आहे."

"आनि तुना कोनती पायजे?"

"वाचून वाटतं, मधली. मोठ्या दुर्बिणीत उजेड भरपूर येतो, तिला बारीक जाळी परवडते. आपल्या पाच इंचात आधीच उजेड कमी. पण हे वाचलेलं झालं."

"वाचून कोनी मासली घेतली हाय का? दोनी मागव. लावून बगू. मगच पैशे."

अशी कुठली दुकानं नसतात, हे उन्नतीने सांगितलं नाही. तिने माणूस शोधलं. घणसोलीच्या एका सोसायटीत राहणारी संघप्रिया, कंपनीत इंजिनियर, आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपमधली. तिच्याकडे दोन्ही फिल्टर होते आणि त्यातला कुठलाही एक ती विकायला तयार होती. शनिवारी संध्याकाळी येते म्हणाली.

आणि नेमकी त्याच शनिवारी शेजारच्या भैरूशेठच्या लेकीची हळद निघाली. तळवलीतली हळद म्हणजे काय ते संघप्रियाला गल्लीच्या तोंडाशीच समजलं. मांडव रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमानींना दिवे, चार खांबांवर पांढरे फोकस, डीजे असा की जिन्याचा कठडा थरथरत होता. गच्चीवर तर स्वतःच्या सावल्या पडत होत्या.

"काकू, आज काही खरं नाही," संघप्रिया म्हणाली. "दुसऱ्या दिवशी येऊ का?"

रूपेशने हात झटकले. "बघा! मी म्हणतच होतो."

पुतळाबाई कठड्यापाशी गेल्या. खाली भैरूशेठ फेटा बांधून हिंडत होता. भावकीतली थोरली बाई त्याच, त्यांनी नुसता हात वर केला असता तरी फोकस गेले असते. "थांब, भैरूला सांगते. घटकाभर दिवं घालवंल."

"नको, आई."

पुतळाबाई वळल्या.

"इथे आज हळद, उद्या साखरपुडा, परवा जत्रा," उन्नती म्हणाली. "लोकांच्या लग्नातले दिवे घालवून दिसलेला तेजोमेघ म्हणजे पाटीवरच्या दिव्याखालची मासळी. तुम्ही फसाल, मीपण फसेन. ह्या उजेडात दिसला तर घेऊ. नाहीतर मी पेन आणते."

पुतळाबाईंचंच माप सुनेने त्यांच्या हातात परत दिलं होतं, तेही घासूनपुसून. त्या खाली गेल्या आणि काळी शाल घेऊन आल्या. उन्नतीने ती सासूच्या डोक्यावरून अशी घातली की शालीच्या आत फक्त डोळा आणि दुर्बीण राहिली. "जरा वेळ अशाच बसा. डोळा अंधाराला सरावू दे."

शालीत सुकटाचा वास होता. बाहेर डीजे बडवत होता. पुतळाबाई बुरख्यातल्या चोरासारख्या बसून राहिल्या.

आधी महागातली लावली. पुतळाबाईंनी बराच वेळ बघितलं. "अंधार. तारं पन बुजलं. ही चालन इतकी बारीक हाय की पीठ पन वरच रायलं."

"आता ही मधली," उन्नती म्हणाली. "ही मी आत बसवत नाही. डोळ्यासमोर धरते आणि काढते. तुम्ही नुसतं बघत राहा."

काच आली. काच गेली. काच पुन्हा आली.

"परत," त्या म्हणाल्या.

काच येताच तारे किंचित मंद होत आणि त्यांच्याभोवतीचं धुरकट दोन्ही बाजूंनी उलगडत जाई, एक पंख लांब, एक आखूड, मधे काळी खोच. काच गेली की पंख मिटत. लहानपणी त्या आईबरोबर मिठागरावर जात, तेव्हा पहाटे वाफ्यातून बगळा असाच उठायचा. रंग नसलेला, नुसता उजेडाचा.

"परत," शालीतून आवाज आला. "आनि परत."

"आई, दिसलं का?" रूपेशने विचारलं.

"बगला हाय. आता पंख मारून उरंल असा." शाल बाजूला झाली. "ये, तू पन बग. आनि या वक्ताला खरं सांग."

रूपेश शालीत शिरला. किती तरी वेळ बाहेर येईना. आला तेव्हा विनोद करायचं विसरला होता.

मग पुतळाबाई भावाला बसल्या. मधली चाळण आधीच स्वस्तातली, तिच्यावरूनही त्यांनी पाचशे उतरवले. "काचेवर बोटाचा डाग हाय, बग."

"तो आत्ताच तुमच्या सुनेचा लागलाय, काकू!"

"मंग ते पाचशे तिच्याकरून घे," पुतळाबाई म्हणाल्या आणि संघप्रियाला हात धरून हळदीच्या पंगतीला घेऊन गेल्या. मटण वाढताना भैरूशेठच्या बायकोला त्यांनी बजावलं, "हिला चांगले तुकडे घाल. हिनं मना महागाचा माल गल्यात नाय मारला."

महाशिवरात्र झाली आणि बाबासो आला. कागद टेबलावर आला. चहा आला. आणि कोणी न सांगता उन्नती पेन घेऊन आली, सासूच्या उजव्या हाताशी ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. गच्चीवर काय दिसलं ते सगळ्यांना माहीत होतं, पण सासूला ते पटलं की नाही हे तिने विचारलेलं नव्हतं. दिलेल्या शब्दाप्रमाणे पेन आणायचं, तिने आणलं. चेहरा मात्र उतरलेला होता.

पुतळाबाईंनी पेन उचललं, उघडून बघितलं, बंद केलं आणि बाबासोच्या खिशाला लावलं.

"कागद परत न्या, बाबासो. गच्ची गेली."

"गेली? कुणाला दिली, मावशी?"

"सुनंला."

"आणि भाडं?"

"तोटा हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "मोजलाय मी. मोजून दिली."

बाबासोने रूपेशकडे आशेने बघितलं. रूपेश चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "माझ्याकडे नको बघू, मित्रा. दुर्बिणीवर माझा नंबर आज आठ वाजता आहे."

उन्नतीने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि आत वळली. पुतळाबाईंनी मागून हाक मारली, "ए पोरी, वर जाताना ते सुकट उचल. नायतर तुज्या बगल्याला वास लागंल."