आजोबा रांगतात

आमच्या घरी फ्रिज फडक्याने उघडायचा असतो. नवा माणूस आला की पाण्याच्या आधी त्याला रबरी चपला देतो. बाथरूममधला गिझर चालू असताना नळाला हात लावू नका, वॉशिंग मशीनला कोपर टेकवू नका, जिन्यातल्या दिव्याचं बटण लाकडी पट्टीने दाबा, असं एकेक सांगत सुटतो. ऐकणाऱ्याला कळेनासं होतं की आपण पाहुणे म्हणून आलोय की सर्कशीत भरती व्हायला.

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा दारं-खिडक्या बंद केल्या तरी आत शिरतो आणि दिसेल तो धातू खात बसतो. स्विचबोर्डांचे स्क्रू गंजून फुगलेत, तारांची टोकं हिरवी पडलीत, भिंतींना हात लावला तर ओलसर लागतात. दुसऱ्या कुणी हे जुनं वायरिंग केव्हाच उपसून टाकलं असतं. पण आमचे हे जन्मभर टाइपरायटर दुरुस्त करत आले. त्यांच्या लेखी कुठलीही वस्तू बदलायची नसते. ती खोलायची, पुसायची आणि चिकटपट्टी लावून परत बसवायची. फ्यूज सारखा उडायला लागला तेव्हा ह्यांनी त्यात चांगली जाडजूड तार घातली. त्यानंतर तो कधी उडाला नाही. ही गोष्ट हे येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगतात.

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वायरमनलाही एकदा सांगितली. तो म्हणाला, काका, फ्यूजचं कामच उडायचं आहे, तुम्ही तर राखणीच्या कुत्र्याच्या तोंडात बोळा कोंबलात. हे उठून आत गेले. चहा उकळत होता, तो त्या बिचाऱ्याला मिळालाच नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण माणूस सरावतो. फडकं हाताशी असलं की झालं. मग नातू रांगायला लागला आणि सगळं बिनसलं.

लेक नोकरीवर परत रुजू व्हायच्या आधी बाळाला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहणार होती. मी दुपटी धुऊन ठेवली, पलंग भिंतीकडे सरकवला. तेवढ्यात तिचा फोन आला. घराचं वायरिंग बदलल्याशिवाय बाळाला घेऊन येणार नाही म्हणाली. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ती ह्याच घरात वाढली, तिला काय झालं? मी ते लेकीला सांगितलं. ती म्हणाली, मी आंघोळीला गेले की किती वेळा किंचाळायचे ते बाबांना विचार. बाप आणि लेक एकाच माळेचे मणी, माघार कोण घेणार? दोघांच्या हट्टात माझा नातू तिकडेच अडकला. त्याला पहिला दात आला तोही मी फोनवरच पाहिला. फोन ठेवल्यावर मी रडले. मग मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

ह्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मात्र कौतुक केलं की हे विरघळतात. मी वायरमनच्या दुकानात गेले, त्याला बेत सांगितला आणि बजावलं की घरात शिरताना आधी मेन स्विच बंद करायचा, नंतर तोंड. तो एका पायावर तयार झाला. चहा राहिल्याचं त्याच्याही मनात असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मी ह्यांना म्हटलं, हा तुमचं काम बघायला आलाय, घर सुरक्षित आहे असं लेकीला सांगणार आहे. हे लगेच खुर्चीत ताठ झाले. मग मी हळूच पुडी सोडली. बाळ जसं घरभर रांगेल तसं तुम्हीच एकदा अनवाणी रांगून दाखवा, म्हणजे लेकीचं तोंड कायमचं बंद होईल. हे म्हणाले, त्यात काय मोठंसं, आणि चपला काढून खाली वाकले. त्यांचे गुडघे कुरकुरले, पण अभिमान कुरकुरला नाही.

बैठकीच्या खोलीतून हे ऐटीत निघाले. टीव्हीजवळ आले आणि त्यांनी उगाचच मोठा वळसा घातला. मी विचारलं, सरळ का नाही गेलात? म्हणाले, तिथे जरा धूळ आहे. तिथे त्यांनी स्वतः बांधलेला तारांचा जोड होता. पुढे वॉशिंग मशीनपाशी पोचताच त्यांनी कोपर अंगाशी ओढून घेतलं आणि पोट आत घेऊन तिरके सरकले. टेबलाखालच्या प्लगपाशी तर चक्क मागे फिरले. वायरमन छताकडे बघत ओठ चावत उभा होता. मला हसू आवरेना. बरं, ह्यांना आपण काय करतोय ते कळतही नव्हतं. अंगवळणी पडलेलं सगळं, आमचं अंग आपोआपच वळतं.

असे वळसे घेत हे स्वयंपाकघरात आले. मी म्हटलं, बाळ आता धरून उभं राहतं, तुम्हीही फ्रिजला धरून उभे राहा.

हे जमिनीवरूनच माझ्याकडे बघत राहिले. मग फडकं मागितलं. मी म्हटलं, बाळाच्या हातात फडकं नसतं. चपला मागितल्या. बाळाला चपला नसतात. हे म्हणाले, निदान हात तरी पुसून घेतो. मी म्हटलं, बाळाचे हात कायम लाळेने ओले असतात. ह्यांनी हात पुढे केला. फ्रिजपासून वीतभर अलीकडे तो थांबला आणि परत आला.

मग मी माझ्या चपला काढल्या, नळाखाली दोन्ही हात ओले केले आणि फ्रिजकडे गेले.

"लावू नकोस हात!" हे ओरडले.

मी दोन्ही तळवे फ्रिजच्या दारावर टेकवले. त्याबरोबर ह्या वयात हे ताडकन उठले आणि माझं मनगट धरून इतक्या जोरात खेचलं की आम्ही दोघेही वायरमनच्या अंगावर जाऊन आदळलो.

"काका, करंट लागलेल्याला असं धरायचं नसतं, तुम्ही दोघंही चिकटला असतात," तो कसाबसा तोल सावरत म्हणाला. "घाबरू नका, मेन बंद आहे."

मी पोटभर हसायचं ठरवून ठेवलं होतं. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. चेहरा पांढराफटक पडला होता. माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुला सवय आहे," हे पुटपुटले. "कुठे हात लावायचा नाही ते तुला पाठ आहे."

"मग इतकी वर्षं मी माझ्या पाठांतरावर जगलेय, तुमच्या दुरुस्तीवर नाही."

ह्यांनी माझं मनगट सोडलं. तडक मीटरपाशी गेले, फ्यूजमधली ती जाडजूड तार काढली आणि वायरमनच्या हातात दिली. तो निघणार तेव्हा स्वतः चहा टाकला. साखर घालायला विसरले, पण त्याने मुकाट्याने पिऊन टाकला.

मग घरभर खणाखणी झाली. जुन्या तारा गेल्या, गंजके बोर्ड गेले, खारा वारा शिरणार नाही अशी बंद खोकी आली. नवं अर्थिंग झालं. कुठे जराशी वीज गळली तरी सगळं आपोआप बंद करणारा एक स्विचही बसला. हे वायरमनच्या डोक्यावर उभे राहून प्रत्येक स्क्रू तपासत होते, इतके की तो एकदा मला म्हणाला, काकू, पूर्वीचे काका बरे होते. काम संपलं तसा मी लेकीला फोन लावला. हे शेजारीच होते, त्यांनी फोन मागून घेतला.

"बाळाला इतक्यात आणू नकोस," हे तिला म्हणाले. "पाण्याच्या पंपाच्या नव्या स्विचच्या खोक्याचं झाकण मला नीट बसलेलं वाटत नाही. ते परत करून घेतो."

 मग ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तू लहान असताना ह्या घरात तुला काही झालं नाही, ते माझ्यामुळे नव्हतं," हे म्हणाले. "तू वाचलीस एवढंच."

 मी फोन काढून घेतला आणि लेकीला म्हटलं, तू बॅग भर, झाकणाचं आणि बाबांचं मी बघते.