श्रीफळबाबांच्या अठरा विहिरी

उमेळ्यात आत्मारामच्या स्वयंपाकघरात पन्नास माणसं कोंबली होती आणि मधोमध श्रीफळबाबा. विहिरीची जागा शोधायला तळहातावर आडवा नारळ घेऊन ते अंगणभर हिंडले, पडवीत हिंडले, आणि नेमका ओट्यापाशी नारळ ताडकन उभा राहिला.

"गंगामाई इथंच खोळंबलीय. फोडा ओटा," बाबा म्हणाले. लोकांनी हात जोडले. मीही जोडले असते, पण हात वर काढायला जागा नव्हती.

आत्मारामने पहार उचलली. "बाबांनी वीस विहिरी दाखवल्या, अठरांना पानी लागलं. आता बोलायचं काय?"

त्याची बायको स्वप्ना ओट्याला पाठ लावून उभी राहिली. वर्षभर मागे लागून तिने तो करून घेतला होता. तिने आपल्या बहिणीला, सुमेधाला, बोलावून ठेवलं होतं. सुमेधा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते.

"बाबांना न विचारता खणलेल्या विहिरी किती?" सुमेधाने विचारलं.

हे गावात कुणाला सुचलंच नव्हतं. आळीआळीने मोजणी झाली, थोडी भांडणंही झाली. चाळीस विहिरी निघाल्या, छत्तिसांना पाणी.

"म्हणजे दहांत नऊ," सुमेधा म्हणाली. "गावात सगळीकडे बावखलं, बारमाही भरलेली तळी, खणाल तिथे पाणी. डोळे मिटून वीस खणल्या तरी साधारण अठरांना लागेल. मग बाबांनी भर काय घातली? विसांच्या विसांना लागलं असतं तरी मी मानलं नसतं. इथे आठांत एकदा तेही नुसत्या योगायोगाने घडतं."

मग तिने नारळ स्वतःच्या तळव्यावर घेतला, हाताला किंचित हिसका दिला. नारळ उभा. आत्माराम पहार विसरून बघत राहिला.

"आता नीट परीक्षा घेऊ, बाबा. वीस पिंपं झाकून ठेवू, कुठल्यात पाणी ते नाणं उडवून ठरवू. अंदाजानेही दहाएक जमतील. पंधरा ओळखलीत तर ओटा मी फोडते. आकडा आत्ताच ठरला, नंतर बदलायचा नाही."

बाबांनी घाम पुसला. "झाकलेलं पाणी नारळाला कळत नाही."

"मग जमिनीखालचं काय उघडं असतं?" स्वप्ना म्हणाली.

सगळ्यांत आधी आत्मारामच हसला. बाबा मागच्या दाराने गेले, नारळ इथेच राहिला.

मंडळी, चमत्काराने किती वेळा जमलं हे जरूर विचारा. पण चमत्कार नसता तर किती वेळा जमलं असतं, हे त्याच्या आधी विचारा. आणि ते विचारेपर्यंत पहार उचलू नका.